हरण्यासाठी ठेवलेला संघ

१५ एप्रिल १८९९, शनिवार. सेंट लुईसच्या मैदानावर बेसबॉलच्या नव्या मोसमातला पहिला सामना होता. यजमानांनी ‘परफेक्टोज’ असं नवं नाव घेतलं होतं आणि त्यांच्याकडून चेंडू टाकायला साय यंग उभा होता. समोर पाहुणा संघ होता क्लीव्हलंड स्पायडर्स. गंमत अशी की यंग आदल्या वर्षापर्यंत, सलग नऊ मोसम, याच क्लीव्हलंडचा खेळाडू होता. त्याच्या मागे क्षेत्ररक्षणाला उभे असलेले बहुतेक सोबतीही क्लीव्हलंडहून आलेले. पाहुण्यांच्या अंगावर क्लीव्हलंडचा गणवेश होता, पण त्यांच्यातले बरेच जण आदल्या वर्षी सेंट लुईसकडून खेळून शेवटच्या क्रमांकावर आले होते. सामना यजमानांनी १०-१ असा जिंकला. त्याचं फारसं कुणाला नवल वाटलं नाही. दोन्ही संघांचे मालक एकच होते आणि कुठल्या संघाला खेळाडू द्यायचे, कुठल्याला उरलेसुरले, हे त्यांनी मोसम सुरू होण्याआधीच ठरवून टाकलं होतं.

त्या मोसमात क्लीव्हलंड स्पायडर्स १५४ सामने खेळले. जिंकले २०, हरले १३४. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एवढे सामने एका मोसमात त्याआधी कुणी हरलं नव्हतं आणि त्यानंतरही कुणी हरलेलं नाही. या खेळात तळाचा संघही साधारण तीनातला एक सामना जिंकून जातो. नालायकीसाठी गाजलेल्या १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सनी ४० सामने जिंकले होते आणि २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स सर्वांच्या चेष्टेचा विषय झाले तेव्हा त्यांचेही विजय ४१ होते. त्या तुलनेत २० हा आकडा वेगळ्याच जातीचा आहे. एवढं हरायला खेळाडूंचं वाईट असणं पुरत नाही, त्याला मालकांचा हातभार लागतो.

मालक म्हणजे फ्रँक डीहास रॉबिसन आणि त्याचा धाकटा भाऊ स्टॅन्ली. फ्रँकचा मूळ धंदा ट्रामचा. क्लीव्हलंडमध्ये त्याच्या ट्रामगाड्या धावत आणि बेसबॉलचा संघ हा त्या धंद्याला जोडून घेतलेला व्यवहार होता. १८९१ मध्ये त्याने बांधलेलं ‘लीग पार्क’ हे मैदान त्याच्याच ट्राममार्गांवर होतं. प्रेक्षकाने सामन्याचं तिकीट काढायचं आणि तिथवर जाण्यायेण्याचं भाडंही रॉबिसनच्याच गल्ल्यात टाकायचं, असा तो दुहेरी हिशेब. १ मे १८९१ ला मैदानाचं उद्घाटन झालं, तेव्हा साय यंगनेच सिनसिनाटीला हरवलं होतं.

संघ चांगला होता. कर्णधार आणि व्यवस्थापक पॅट्सी टीबो हा पंचांशी हुज्जत घालणारा, प्रतिस्पर्ध्यांना शिव्या देणारा, आडदांड माणूस आणि संघ त्याच्याच वळणाचा. जेसी बर्केटने १८९५ आणि १८९६ या लागोपाठच्या दोन मोसमांत ०.४०० च्या वर सरासरी राखली होती. बेसबॉलमध्ये दर दहा वेळांतून तीनदा यशस्वी फटका मारणारा फलंदाज उत्तम मानतात, बर्केट चारदा मारत होता. १८९५ मध्ये या संघाने त्या काळच्या बलाढ्य बॉल्टिमोर ओरिओल्सना हरवून मोसमाअखेरचा टेम्पल कप जिंकला. १८९७ मध्ये लुई सॉकॅलेक्सिस हा मेन राज्यातल्या पेनॉबस्कॉट जमातीचा तरुण संघात आला आणि पहिल्या काही आठवड्यांत त्याने मैदानं गाजवली. पुढे घोटा दुखावला, दारू वाढली आणि तो बाजूला पडत गेला.

एवढं असून गल्ला भरत नव्हता. रॉबिसनचं म्हणणं, याला क्लीव्हलंडचे लोक जबाबदार आहेत. त्याच्या तक्रारीत थोडं तथ्य होतंही. कामगारांच्या शहरात सुट्टीचा वार एकच, रविवार, आणि ओहायो राज्यात रविवारी पैसे घेऊन खेळ करायला कायद्याने मनाई होती. चर्चच्या मंडळींचा त्याला भक्कम पाठिंबा. १६ मे १८९७ च्या रविवारी रॉबिसनने मुद्दाम सामना ठेवला, पहिला डाव संपताच पोलीस मैदानात उतरले आणि खेळाडूंना अटक झाली. पुढच्या वर्षी त्याने बरेच ‘घरचे’ सामने परगावी नेऊन खेळवले. १८९८ चा मोसम ८१ विजय आणि ६८ पराभव अशा बऱ्यापैकी हिशेबावर संपला. संघ पाचवा आला, पण मालकाचं मन शहरावरून उडालं होतं.

त्याच सुमाराला तिकडे सेंट लुईसमध्ये एक संघ विकायला निघाला. तिथला मालक ख्रिस फॉन डर आह हा जर्मनीहून आलेला बिअरविक्रेता. खेळ पाहायला येणारे लोक बिअर पितात, हे ध्यानात आल्यामुळे तो या धंद्यात शिरला होता. १८८५ ते १८८८ अशी ओळीने चार वर्षं त्याचा संघ दुसऱ्या एका लीगचा विजेता होता. पण दिवस फिरले. एका जुन्या दाव्यातल्या जामिनाच्या पैशांपायी १८९८ मध्ये त्याला अक्षरशः पळवून पिट्सबर्गला नेण्यात आलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मैदानाला आग लागली. त्यातून खटले उभे राहिले, कर्ज वाढलं, आणि संघ ३९ विजय व १११ पराभव घेऊन तळाला गेला. १८९९ च्या मार्चमध्ये संघाचा लिलाव झाला आणि फिरून फिरून तो रॉबिसन बंधूंच्या हाती आला.

सेंट लुईस मोठं शहर, शिवाय तिथे रविवारी खेळायला बंदी नव्हती. मग रॉबिसन बंधूंनी जे केलं ते आज वाचताना चमत्कारिक वाटतं. एका मालकाची दोन पेठांत दोन दुकानं असावीत आणि जिथे गिऱ्हाईक जास्त तिथे त्याने सगळा चांगला माल हलवावा, तसे त्यांनी यंग, बर्केट, बॉबी वॉलेस, क्युपिड चाइल्ड्स, जॅक पॉवेल आणि खुद्द टीबो असे सगळे मोहरे सेंट लुईसला पाठवले. तिकडचे पडेल खेळाडू क्लीव्हलंडच्या वाट्याला आले. क्लीव्हलंडचा कारभार स्टॅन्लीकडे राहिला आणि हा संघ आपण जोडधंदा म्हणून चालवणार आहोत, हे त्याने लपवूनही ठेवलं नाही.

त्या वेळच्या नियमांत हे बसत होतं. १८९१ च्या मोसमानंतर प्रतिस्पर्धी लीग मोडली, तिचे चार संघ क्लीव्हलंड ज्यात खेळत होतं त्या नॅशनल लीगने पोटात घेतले आणि बारा संघांची मक्तेदारी तयार झाली. खेळाडूंना दुसरीकडे जायला वाव उरला नाही आणि मालकांना एकमेकांच्या संघांत भाग घ्यायला कुणी अडवलं नाही. १८९९ मध्ये ब्रुकलिन आणि बॉल्टिमोर या दोन संघांचीही मालकी अशीच एकत्र झाली होती. बॉल्टिमोरचे विली कीलर, ह्यूई जेनिंग्ज, जो केली यांच्यासारखे खेळाडू ब्रुकलिनला गेले. नेड हॅनलन तर ब्रुकलिनचा व्यवस्थापक होता आणि त्याच वेळी बॉल्टिमोरचा अध्यक्षही.

पण बॉल्टिमोरचं पुढे काय झालं ते पाहिलं की क्लीव्हलंडचं प्रकरण जास्त स्पष्ट होतं. बॉल्टिमोरमध्ये जॉन मॅकग्रॉ आणि विल्बर्ट रॉबिन्सन या दोघांनी ब्रुकलिनला जायला नकार दिला. गावात त्यांचा धंदा होता, तो सोडायची त्यांची तयारी नव्हती. ऐन पंचविशीतल्या मॅकग्रॉने व्यवस्थापक होऊन उरलेल्या मंडळींना असं काही झुंजवलं की ८६ सामने जिंकून तो लुटलेला संघ चौथा आला. सेंट लुईसच्याही वर. म्हणजे चांगले खेळाडू नेले की संघ संपतोच असं नाही. त्याला पुन्हा उभं राहू द्यायचं की नाही हा प्रश्न असतो. क्लीव्हलंडला उभं राहू द्यायचं नव्हतं.

स्पायडर्सचा पहिला व्यवस्थापक लेव्ह क्रॉस हा तिसऱ्या बेसवरचा कसलेला खेळाडू. त्याच्या हाताखाली संघाने ३८ पैकी ८ सामने जिंकले. मे महिन्यात लागोपाठ दोन सामने जिंकण्याचा योग आला. संपूर्ण मोसमात हे एकदाच घडलं. क्रॉसची फलंदाजी चांगली चालली होती, म्हणून जूनमध्ये मालकांनी त्याला सेंट लुईसला उचललं. विली सडहॉफ हा पिचर जरा बरा चेंडू टाकत होता, त्यालाही सेंट लुईसला बोलावलं आणि बदल्यात फ्रँक बेट्सला क्लीव्हलंडला धाडलं. बेट्सच्या नावावर त्या मोसमात एक विजय आणि १८ पराभव लागले. क्लीव्हलंडमध्ये चांगलं खेळणं म्हणजे तिथून सुटका करून घेणं, असाच हा व्यवहार होता. सॉकॅलेक्सिस एवढाच जुन्या वैभवाचा एक धागा उरला होता. तो सात सामने खेळला आणि मे महिन्यात त्यालाही नारळ मिळाला.

क्रॉसनंतर सूत्रं आली जो क्विनकडे. क्विनचा जन्म ऑस्ट्रेलियातला, आईवडील आयरिश. त्याच्यानंतर मेजर लीगमध्ये दुसरा ऑस्ट्रेलियात जन्मलेला खेळाडू दिसायला १९८६ साल उजाडलं. मोसम नसताना क्विन सेंट लुईसमध्ये अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करी. या योगायोगावर कुणीही विनोद करील, पण माणूस शांत, सज्जन आणि मेहनती होता. पस्तिशीच्या आसपासच्या वयात तो रोज दुसऱ्या बेसवर उभा राही आणि संघातल्या बऱ्या फलंदाजांत त्याची गणना होती. त्याच्या कारकिर्दीत संघ १२ सामने जिंकला आणि १०४ हरला.

पिचर मंडळींचे आकडे वाचवत नाहीत. जिम ह्यूजी : ४ विजय, ३० पराभव. चार्ली नेपर : ४ आणि २२. ‘क्रेझी’ श्मिट : २ आणि १७. हॅरी कॉलिफ्लॉवर : १ आणि ११. चारपेक्षा जास्त विजय कुणाच्याच खात्यावर नाहीत. संघाने वर्षभरात ५२९ धावा काढल्या आणि १,२५२ दिल्या. दर सामन्याला साडेतीनच्या आत काढायच्या आणि आठाहून जास्त द्यायच्या. एवढ्या हाराकिरीनंतरही ह्यूजी आपली पाळी आली की पुन्हा चेंडू टाकायला उभा राहत होता. त्याच्या तीस पराभवांमागे जी नोकरी सांभाळण्याची गरज असेल ती असो, पण तो मैदान सोडून पळाला नाही, हेही त्या आकड्यातच लिहिलेलं आहे.

क्लीव्हलंडच्या प्रेक्षकांनी मालकांचा इरादा ओळखायला वेळ लावला नाही. त्यांनी मैदानाकडे पाठ फिरवली. लीग पार्कवर त्या मोसमात ४२ सामने झाले आणि एकूण प्रेक्षक आले ६,०८८. सामन्याला सरासरी १४५ माणसं. आता अडचण पाहुण्या संघांची झाली. तिकिटांच्या उत्पन्नात पाहुण्यांचा वाटा असे आणि दीडशे माणसांच्या तिकिटांतून जो वाटा येई त्यात रेल्वेचं भाडं आणि हॉटेलचा खर्चही निघत नव्हता. संघ क्लीव्हलंडला यायला नाखूश झाले. मालकांनी मग सोपा मार्ग काढला आणि जुलैपासून जवळजवळ सगळे सामने परगावी हलवले. घर असून बेघर झालेला हा संघ आगगाडीतून गावोगाव फिरत राहिला. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘वाँडरर्स’, ‘एक्झाइल्स’, ‘मिसफिट्स’ अशी नावं ठेवली. हिशेब पूर्ण झाला तेव्हा परगावचे ११२ सामने खेळून झाले होते आणि त्यातले १०१ हरले होते. आजच्या वेळापत्रकात परगावचे सामने ८१ च असतात, त्यामुळे हा एक विक्रम मोडायचा म्हटलं तरी मोडता येणार नाही.

ऑगस्टच्या २६ तारखेपासून सप्टेंबरच्या १६ पर्यंत ते सलग २४ सामने हरले. १८ सप्टेंबरला वॉशिंग्टनविरुद्ध एक विजय मिळाला आणि मग पुन्हा शेवटपर्यंत पराभवच. मोसमाच्या अखेरच्या ४१ सामन्यांपैकी ४० हरले. स्पर्धा म्हणून त्यात काही उरलं नव्हतं. वेळापत्रक छापलेलं आहे, दुसऱ्या संघाला प्रतिस्पर्धी हवा आहे, म्हणून अकरा गावांत जाऊन हजेरी लावायची.

१५ ऑक्टोबरला सिनसिनाटीत मोसमाचा शेवट झाला. एकाच दिवशी दोन सामने होते. पहिला १६-१ असा गेला. दुसऱ्यात चेंडू टाकायला एडी कोल्ब नावाचा पोरगा उभा राहिला. तो सिनसिनाटीतल्या एका हॉटेलात सिगार विकण्याचं काम करत होता, व्यावसायिक बेसबॉलशी त्याचा संबंध तोवर आला नव्हता. सामना १९-३ असा संपला. कोल्ब मेजर लीगमध्ये पुन्हा कधी खेळला नाही. असं सांगतात की निरोपाच्या वेळी खेळाडूंनी संघाच्या प्रवासाची व्यवस्था पाहणाऱ्या जॉर्ज म्यूरला हिऱ्याचं लॉकेट भेट दिलं, कारण सगळेच्या सगळे सामने बघण्याची शिक्षा एकट्या त्यालाच झाली होती. पगारावर जगणाऱ्या, चेष्टेचा विषय झालेल्या माणसांना स्वतःवर एवढं हसता आलं, ही त्या मोसमातली त्यांची कमाई.

अंतिम तक्त्यात ब्रुकलिन १०१ विजयांसह पहिलं आलं. क्लीव्हलंड त्यांच्यापासून ८४ सामन्यांच्या अंतरावर होतं आणि अकराव्या क्रमांकाच्या वॉशिंग्टनपासूनही ३५ सामने मागे. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्या परफेक्टोजचं काय? यंग, बर्केट, वॉलेस, क्रॉस असे तारे गोळा करून ते पाचवे आले. ८४ विजय, ६७ पराभव. क्लीव्हलंडमध्ये असताना आदल्या वर्षीही हे लोक पाचवेच होते. एका शहराचा संघ मोडून मालकांनी पदरात काय पाडून घेतलं, तर तोच क्रमांक आणि तीन जास्तीचे विजय.

हिवाळ्यात नॅशनल लीगने बाराचे आठ संघ केले. क्लीव्हलंड, बॉल्टिमोर, वॉशिंग्टन आणि लुईव्हिल वगळले गेले. तोट्यातली गावं काढून टाकली की धंदा सुटसुटीत होईल, असा विचार. प्रत्यक्षात मक्तेदारांनी आपल्या हाताने चार शहरं मोकळी करून दिली. बॅन जॉन्सन नावाचा एक महत्त्वाकांक्षी संघटक तेव्हा मध्य-पश्चिमेकडची एक दुय्यम लीग चालवत होता. तिचं नाव त्याने अमेरिकन लीग असं बदललं आणि ग्रँड रॅपिड्सचा संघ १९०० मध्ये क्लीव्हलंडला आणला. त्यामागे पैसा उभा केला चार्ल्स सोमर्स या क्लीव्हलंडच्याच कोळसा व्यापाऱ्याने. हा संघ खेळू लागला तोही लीग पार्कवरच. सोमर्सचा पैसा पुढे या लीगमधल्या इतर संघांनाही उभं करायला उपयोगी पडला. १९०१ मध्ये अमेरिकन लीगने आपण मेजर लीग असल्याचं जाहीर केलं आणि खेळाडूंना जास्त पगाराचं दुसरं दार उघडलं.

त्या दारातून पहिल्याच वर्षी साय यंग बाहेर पडला आणि बॉस्टनला गेला. १९०३ मध्ये दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली पहिली वर्ल्ड सीरिज झाली ती जिंकणाऱ्या संघात तो होता. १९०२ मध्ये बर्केट आणि वॉलेसही गेले, तेही सेंट लुईसमध्येच उभ्या राहिलेल्या अमेरिकन लीगच्या संघात. क्लीव्हलंडमधून ज्यांना रॉबिसन बंधूंनी उचलून आणलं होतं, त्यांनी मालकांच्या डोळ्यांदेखत समोरची गल्ली धरली. एकाच मालकाने दोन संघ बाळगण्याला पुढे बंदी झाली, पण तोवर धडा शिकवून झाला होता.

परफेक्टोजचं नाव १९०० मध्ये ‘कार्डिनल्स’ झालं. फ्रँक १९०८ मध्ये गेला, स्टॅन्ली १९११ मध्ये. वारसाहक्काने संघ फ्रँकची मुलगी हेलन ब्रिटन हिच्याकडे आला आणि मेजर लीग संघाची मालक होणारी ती पहिली स्त्री ठरली. कार्डिनल्सनी पहिल्यांदा नॅशनल लीग जिंकली ती १९२६ मध्ये. तेव्हा संघ रॉबिसन घराण्याकडे राहिलेला नव्हता.

क्लीव्हलंडने त्यांच्या आधी, १९२० मध्येच वर्ल्ड सीरिज जिंकली. प्रतिस्पर्धी होतं ब्रुकलिन, म्हणजे १८९९ च्या विजेत्यांचा वारसदार संघ, आणि अखेरचे चारही सामने क्लीव्हलंडने नव्याने बांधलेल्या लीग पार्कवर ओळीने जिंकले. मालिकेतला पाचवा सामना १० ऑक्टोबरला झाला. तो रविवार होता. रविवारच्या खेळावरची बंदी तोवर उठली होती आणि मैदानात २६ हजारांवर माणसं होती. पुढे १९४८ मध्ये क्लीव्हलंडच्या संघाने मोसमभरात २६ लाखांहून अधिक प्रेक्षक खेचले, तोवर देशातल्या कुठल्याच संघाला ते जमलं नव्हतं. या शहराला बेसबॉल नको आहे, असं रॉबिसन बंधूंच्या हिशेबवहीत लिहिलं होतं. १८९९ मध्ये घरी बसलेल्या लोकांनी खेळाकडे नव्हे, त्या वहीकडे पाठ फिरवली होती. १३४ पराभवांचा तो विक्रम खेळाडूंच्या नावावर लागला खरा, पण तो कमावला त्यांच्या मालकांनी.